आप्पांचं शून्य

निमगाव केतकीच्या चौकात आजवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागले, निवडीचे लागले, निवड थोडक्यात हुकली त्याचेही लागले, आणि एकदा चोरीला गेलेली म्हैस परत आली तेव्हा म्हशीच्या फोटोसकट एक लागला. पण डायलिसिसचा फ्लेक्स लागला तो कोळेकरांचाच पहिला. रविवारी सकाळी सोपानराव कोळेकर चौकात मान मागे टाकून तो वाचत उभे होते. स्वतःच लिहिलेला मजकूर परत वाचताना माणसाला जो आनंद होतो, तो त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

'मेंढपाळ ते बागायतदार! संघर्षयोद्धे मा. आप्पासाहेब कोळेकर यांच्या डायलिसिसची यशस्वी पंचवर्षपूर्ती!'

मधोमध आप्पांचा फोटो. लाल फेटा, तोंडभर हसू. फोटो जुना होता, जत्रेत त्यांचा एडका टकरीत जिंकला त्या दिवशीचा. फ्लेक्सवाल्यानं एडका कापून काढला होता, पण शिंगाचं एक टोक आप्पांच्या खांद्यामागं राहिलंच होतं. खाली थोरले चिरंजीव सोपानराव, फोटो मध्यम. धाकटे चिरंजीव भीमराव, फोटो पासपोर्टएवढा. आणि सगळ्यात खाली, पिवळ्या पट्टीवर, सोपानरावांना स्वतःला फार आवडलेली ओळ:

'मूत्रपिंडं थकली, मन थकलं नाही! वैद्यकीय चाचणीत नैराश्य : शून्य!'

हे शून्य सोपानरावांनी दोन महिन्यांपूर्वी मिळवलं होतं. मिळवलं होतं म्हणजे अक्षरशः त्यांनीच मिळवलं होतं. बारामतीच्या डायलिसिस सेंटरमध्ये डॉक्टर मनिषा यांचा अभ्यास चालू होता: डायलिसिसच्या पेशंटांचं मन किती खचतं, आणि त्याच्या काही खुणा रक्तात दिसतात का. एक मुलगी प्रश्न घेऊन खाटेखाटेपाशी फिरत होती. आप्पांच्या डाव्या हातात दोन सुया, रक्त नळीतून मशिनीत जाऊन परत येतंय, आणि उशाशी सोपानराव.

"आजोबा, कशात मन लागत नाही, असं होतं का?"

"छ्या! काय तर बोलता," सोपानराव म्हणाले. "घरी डाळिंबाची बाग हाय, नातवंडं हायत. मन न लागायला काय झालं?"

"झोप?"

"ढाराढूर."

"आपल्यामुळं घरच्यांना त्रास होतो, असं वाटतं का?"

"आमच्या घरात?" सोपानराव उभेच राहिले. "हा प्रश्न दुसऱ्या कुणाला इचारा."

शेवटचा प्रश्न जगण्याचा कंटाळा येतो का, असा होता. त्यावर ते "शुभ बोला, ताई" एवढंच म्हणाले, आणि मुलीनं तेही शून्यातच धरलं. आप्पा छताकडे बघत होते. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, कारण तशी रीतच नाही. आजाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाला आजाऱ्यानंच उत्तर द्यायची पाळी येणं, हे घरात कर्तं माणूस नसल्याचं लक्षण. नऊ प्रश्न, सत्तावीसपैकी शून्य. सोपानरावांनी पेढे वाटायचं फक्त डायलिसिसच्या पेशंटांना पेढे चालत नाहीत म्हणून टाळलं.

*

घरी अंगणात मांडव पडला होता. गावजेवणाची चूल पेटली होती. पडवीत आप्पा खाटेवर बसले होते आणि त्यांच्याभोवती पाहुण्यांनी आणलेली शहाळी, केळी आणि डाळिंबं रचलेली होती. ज्याची मूत्रपिंडं गेली त्याला यातलं एकही चालत नाही, हे पाच वर्षांत गावाला शंभरदा सांगून झालं होतं. पण आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं कसं? म्हणून प्रत्येकानं प्रेमानं थोडं थोडं विष आणलं होतं.

सारजाबाई दारातच उभ्या होत्या. सोपानरावांची ही आई मुळात कमी बोलणारी. मेंढरांमागं वीस दिवाळ्या कोकणात चालत गेलेली बाई, तिला शब्दांपेक्षा पावलांची सवय.

"सोपाना, आज त्यास्नी हात लावू दिला न्हाय."

हात म्हणजे आप्पांचा डावा हात. डायलिसिससाठी तिथली धमनी शिरेला जोडून दिली होती. तिथं तळवा ठेवला की आत मोहोळ बसल्यासारखं गुणगुणायचं. गुणगुण थांबली तर तडक बारामती गाठायची, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी सारजाबाई चुलीआधी त्या हातावर तळवा ठेवायच्या आणि विहिरीवरची मोटर बघून आल्यासारखं "चालू हाय" म्हणायच्या.

"झोपंत असत्याल."

"जागंच व्हतं. म्हणालं, उद्या जायचंच न्हाय, तर चालू हाय का बंद हाय, कशाला बघतीस."

"कुठं जायचं न्हाय?"

"बारामतीला. आता कंदीच न्हाय, म्हणालं."

सोपानराव पडवीत गेले. दोन शहाळी बाजूला सारून बसले.

"आप्पा, आई काय म्हणती?"

"खरं म्हणती."

"अवो, आज पंचवर्षपूर्ती हाय! मांडव पडलाय!"

"व्हय की. सत्कार हायच, तर सेवानिवृत्तीचा समजा. शाल-नारळ त्योच लागतोय."

सोपानराव सवयीनं हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हसणारे ते एकटेच आहेत.

डायलिसिस थांबवलं की माणूस किती टिकतो, हे त्या सेंटरबाहेरच्या बाकड्यावर पाच वर्षं बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आठवडा. फार तर दोन.

"कुणी काय बोललं का?"

"कोण बोलंल? सगळी चांगली हायत. लय चांगली."

"दुखतंय का कुठं?"

"न्हाय."

"मग काय होतंय काय?"

आप्पांनी वाघुरीकडे पाहिलं. जाळीच्या त्या कुंपणात आता हौसेपुरती चार मेंढरं उरली होती. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "कायच होत न्हाय. त्येच होतंय."

सोसायटीचं चेअरमनपद सोपानरावांनी दोनदा भूषवलं होतं, अविश्वासाचा ठराव एकदा परतवला होता. पण तिथं समोरचा माणूस निदान काहीतरी मागत असतो. शेवटी त्यांनी सभेत करायचे तेच केलं. विषय पुढं ढकलला.

"आज काय बोलू नका, आप्पा. कार्यक्रम होऊ द्या. मग बसून बघू."

"बघ की," आप्पा म्हणाले. "मला कुठं घाई हाय."

*

अकराच्या सुमाराला भीमाची व्हॅन आली. भीमा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीवर होता, आणि आठवड्यातून तीनदा आप्पांना सेंटरला नेणं-आणणं त्याच्याकडं होतं. थोरल्यानं प्रश्नांना उत्तरं द्यायची, धाकट्यानं डिझेल भरायचं, अशी ही वाटणी कुणी न करता झाली होती. व्हॅनमधून भीमाबरोबर डॉक्टर मनिषा उतरल्या. प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना आणायचं भीमानंच सुचवलं होतं, आणि धाकट्याला एवढं सुचलं याचं सोपानरावांना तेव्हा कौतुक वाटलं होतं.

"या मॅडम! फेटा आणा रे मॅडमला!"

"फेटा नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "चौकात फ्लेक्स वाचला. त्याबद्दलच बोलायचंय. आत बसू या का जरा?"

सोपानरावांना वाटलं, फ्लेक्सबद्दल म्हणजे कौतुकच असणार. ते पुढं होऊन माजघरात गेले. सारजाबाई आल्या. आणि कुणी न बोलावता लीलाबाईही आल्या. आप्पांची ही धाकटी बहीण कळंबला दिलेली, आणि माहेरच्या कुठल्याही बंद दाराआड आपण असलंच पाहिजे, असं तिचं तरुणपणापासूनचं मत होतं.

"आमच्या अभ्यासात आम्ही दोन गोष्टी बघतो," डॉक्टर सांगू लागल्या. "पेशंट मनाबद्दल काय सांगतो, आणि त्याचं रक्त काय सांगतं. रक्तात सूज दाखवणारी एक खूण असते. पोषण दाखवणारं अल्ब्युमिन असतं. मन खचलेल्या पेशंटांमध्ये सूज चढलेली आणि अल्ब्युमिन उतरलेलं जास्त वेळा दिसतं. आप्पांचं दोन महिन्यांत दोन्ही बिघडलंय. आम्ही आधी जंतुसंसर्ग शोधला. हाताची शीर बघितली, छाती बघितली, दात बघितले..."

"दात कुठं हायत त्याला?" लीलाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच लवकर बघून झाले. काही सापडलं नाही."

"म्हंजी रक्तात उदासी सापडली म्हणा की," लीलाबाईंचा पदर खांद्यावरून कमरेला गेला. "कोळेकरांच्या रक्तात? अहो बाई, आमचा आजा लांडग्याला काठीनं मारून दुपारी जेवायला घरी आला व्हता!"

"नाही, आजी. रक्तावरून मन कळत नाही. तशी तपासणी अजून कुणाकडंच नाही. रक्त एवढंच म्हणतंय, की या माणसाला परत एकदा विचारा." मग त्या सोपानरावांकडं वळल्या. "रक्त इतकं बिघडलेलं आणि उत्तरं मात्र सगळी शून्य, असे आमच्या सगळ्या पेशंटांत आप्पा एकटेच."

'एकटेच' ऐकून सोपानरावांची छाती आपोआप पुढं आली. ती परत मागं घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला.

"शून्य सहसा कुणाचंच नसतं हो," डॉक्टर म्हणाल्या. "मी स्वतः सोडवून बघितलं. माझं चार आलं."

"उत्तरं कुणी दिली, दादा?" भीमानं विचारलं.

"कुणी म्हंजी? मी हुतो ना तितं."

"आप्पांस्नी विचारलं व्हतं, का तुला?"

"तू मला शिकवू नकोस, भीमा. पाच वर्षं डाक्टरपुढं कोण उभा ऱ्हायला?"

"आन् पाच वर्षं व्हॅन कोण चालवतंय? आप्पा शेजारी बसत्यात माझ्या. म्हंजी कसं बसत्यात, ठाऊक हाय का? 'हळू काय चालवतोस, बाईल हायस का', 'काढ की फुडं', 'तुझ्या आज्यानं मेंढरं याच्यापरीस जोरात हाकली'. निमगाव ते बारामती नुस्त्या शिव्या. आन् दिवाळीच्या आधी एक दिस, भवानीनगरच्या अलीकडं उसाची ट्रॉली फुडं आली, मी ओव्हरटेक मारायला लागलो, तर म्हणालं, 'ऱ्हाऊ दे. त्याला जाऊ दे. आपल्याला कुठं घाई हाय.' त्या दिसापास्नं एक शिवी न्हाय, दादा. एक न्हाय."

आप्पांच्या तोंडची शिवी म्हणजे या घरात आशीर्वादच होता. सोपानरावांना लग्नाच्या मांडवात, भीमाला दहावी पास झाल्यावर आणि सारजाबाईंना जवळपास रोज तो मिळालेला होता.

लीलाबाई हळूच खाली बसल्या.

"भाऊबीजेला मी आले," त्या म्हणाल्या, "दर वर्साला दारातच म्हणायचा, 'आली का भवानी, आता आठ दिस कान किटणार.' औंदा म्हणाला, 'ये. बस.' मला वाटलं, सुधारला." त्यांनी नाक पुसलं. "सुधारंल कशानं? मलाच कळाया पायजे व्हतं."

सोपानरावांनी बघितलं, की आपल्या बाजूला आता कुणी उरलेलं नाही. अविश्वासाच्या ठरावाच्या दिवशीही सदस्य असेच एकेक करून पलीकडं सरकले होते.

"म्हंजी आप्पांस्नी येड लागलंय, असं गावाला सांगू का आता?" त्यांचा आवाज चढला. "भाईर साखर कारखान्याचं माजी संचालक येतायत! चौकात फ्लेक्स हाय! मानपत्र छापलंय!"

"वेड नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आजार आहे. याला औषध असतं, बोलून होणारे उपचार असतात. डायलिसिसच्या पेशंटाला ते जपून द्यावे लागतात, पण देता येतात. पण आधी मला त्यांना एकट्याला विचारू द्या. दार लावून."

"एकट्याला? परक्या माणसापुढं? आन् आमी काय करायचं?"

उत्तर सारजाबाईंनी दिलं. त्या आतापर्यंत खांबाला टेकून उभ्या होत्या.

"तू भाईर बसायचं, सोपाना. पाच वर्सं तू त्यांच्या वतीनं बोललास. त्यास्नी बी बरं वाटायचं, पोरगा बोलतोय, दांडगा हाय. पर उद्या जायाचं न्हाय, हे बी तू त्यांच्या वतीनं बोलणार हायस का?"

उद्याची गोष्ट डॉक्टरांना माहीत नव्हती. ती कळल्यावर त्या उठल्या आणि सरळ पडवीकडं गेल्या.

*

आप्पांना आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. दाराबाहेर सोपानराव खुर्ची टाकून बसले. कुणी बसायला सांगितलं नव्हतं. पण कुठल्याही कामात आपलं पद काय, हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि सध्या दारवान हेच एक रिकामं होतं.

मांडवात माइकवाला "हॅलो, हॅलो, चेक" करत होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. सोपानरावांना ते नऊ प्रश्न पाठ होते, म्हणून ते मनातल्या मनात एकेक विचारू लागले. झोप लागते का? ढाराढूर, असं त्यांनी सांगितलं होतं. पण आप्पांची खाट पडवीत, आणि सोपानराव माडीवर पंख्याखाली झोपत. ढाराढूर कोण झोपत होतं, हे त्यांनी पहिल्यांदाच नीट आठवून पाहिलं. भूक लागते का? आप्पांचं ताट पुढं येताना त्यांनी खूपदा पाहिलं होतं. परत जाताना पाहिलं नव्हतं. कशात मन लागतं का? डाळिंबाच्या बागेत आप्पा शेवटचे कधी आले, ते आठवेना. एडक्याच्या टकरीला या वर्षी गेलेच नाहीत. ऊन फार आहे म्हणाले. जत्रा थंडीत असते.

नऊच्या नऊ प्रश्न झाले. खरं उत्तर त्यांना एकाचंही येत नव्हतं. आणि पूर्ण मार्कांनी पास झाल्याचा फ्लेक्स चौकात लागला होता.

तेवढ्यात माजी संचालक आले. पांढरेशुभ्र, मागं चार जण, एकाच्या हातात शहाळं.

"कुठायत आपले संघर्षयोद्धे? सोपानराव, दोन मिनिटं भेटून घेतो. एक फोटो, आणि पुढं इंदापुरात लग्न आहे."

सोपानराव उठले. अशा माणसाला वाट करून द्यायची त्यांच्या पाठीला इतकी सवय होती, की ती निम्मी वाकलीदेखील. मग तिथंच थांबली.

"आत्ता न्हाय, सायेब."

"अहो, दोनच मिनिटं."

"आत आप्पा बोलत्यात," सोपानराव म्हणाले. "ते बोलत असताना कुणी मधी जायचं न्हाय."

संचालकांनी एकदा त्यांच्याकडं आणि एकदा दाराकडं पाहिलं. कोळेकरांच्या घरात आप्पा बोलतात आणि सोपान गप्प बसतो, ही बातमी इंदापूरच्या लग्नात सांगण्यासारखी होती. ते मांडवात जाऊन बसले, आणि थांबले.

दार उघडलं तेव्हा चुलीवरचा भात उतरला होता. आप्पा आधी आले, कुणाचा हात न धरता. त्यांचे डोळे लाल होते. ते बघून सोपानराव चटकन दुसरीकडं बघू लागले, कारण ते डोळे त्यांनी असे कधी पाहिले नव्हते आणि पाहायची परवानगी आहे का नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"किती आलं, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आप्पा सांगतील. त्यांना वाटलं तर."

"मानपत्र वाचायचं न्हाय का तुला?" आप्पा म्हणाले. "चल. भात गार होतोय."

*

सोपानरावांचा मानपत्र वाचनाचा आवाज तालुक्यात प्रसिद्ध होता. "दऱ्याखोऱ्यांतून मेंढरं हाकणाऱ्या या हातांनी..." इथं टाळ्या पडल्या. "...नियतीनं टोचलेल्या सुयाही हसत हसत झेलल्या..." इथंही पडल्या. मग ते त्या ओळीवर आले. 'वैद्यकीय चाचणीत ज्यांचं नैराश्य शून्य ठरलं', असं पुढं छापलेलं होतं. सोपानरावांचा आवाज 'ज्यांचं' या शब्दावर येऊन उभा राहिला आणि हलेना. मांडवाला वाटलं, लाइट गेली.

"वाच की," शेजारच्या खुर्चीवरून आप्पा म्हणाले.

सोपानराव वाचेनात. मग शालीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं माइक आपल्याकडं ओढून घेतला. आप्पांनी माइकवर बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ह्येच्यात लिवलंय, नैराश्य शून्य. चौकात बी लिवलंय." आप्पांनी श्वास घेतला. "ते शून्य माझं न्हाय. सोपानचं हाय. उत्तरं त्यानं दिली, त्याचं शून्य आलं. त्याला कसलं नैराश्य न्हाय, हे खरंच हाय. तब्येत बघा की त्याची."

मांडव हसला. संचालक हसले. सोपानरावही हसले, आणि हसता हसता त्यांना उपरणं डोळ्याला लावावं लागलं.

"माझं येगळं हाय. माझं मन बरं न्हाय. लय दिस झालं. ते मी मॅडमला सांगितलं. तुमाला सगळं सांगायचं कारण न्हाय." आता कुणी हसत नव्हतं. "मेंढरू कळपाच्या मागं ऱ्हायलं, तर आमी त्याला भ्यालेलं म्हणत न्हवतो. पाय बघत हुतो त्याचा. आन् सवताचं मातर मी कुणाला बघू दिलं न्हाय. माझी बी खोड हाय ती. आता मॅडम म्हणत्यात, औषिद हाय. मी म्हणालो, बघू. उद्या बारामतीला जातोय. परवाचं परवा. फकस्त एक हाय. हितनं फुडं माझ्या वतीनं कुणी बोलायचं न्हाय. जेवून घ्या."

टाळ्या वाजवायच्या का नाही, ते कुणालाच कळेना. शेवटी मागच्या ओळीत लीलाबाईंनी सुरुवात केली, आणि इतक्या जोरात केली की न वाजवणाऱ्यांची पंचाईत झाली.

*

सोमवारी दिवस उगवायला सोपानराव चौकात शिडीवर होते. फ्लेक्सवाला फोनवर म्हणाला होता की मजकूर बदलायचा तर नवा छापावा लागेल, आणि सध्या लग्नसराई आहे. म्हणून त्यांनी घरूनच पांढरा कागद, खळ आणि जाड पेन आणलं होतं. कागद पिवळ्या पट्टीवर चिकटवून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर चेअरमनच्या सहीसारखं तिरकं आलं, पण लांबून वाचता येत होतं:

'नैराश्य : आहे. उपचार सुरू.'

एमआयडीसीला निघालेली मोटारसायकल खाली थांबली. "सोपानराव, हे काय लिवलं?"

"वाचता येतंय न्हवं? मग वाच."

"न्हाय, म्हंजी... असं चौकात?"

"चौकातच!" सोपानराव शिडीवरून म्हणाले. "आमच्या आप्पांनी सवता माइकवर सांगितलंय. तुझ्या घरात हाय का कुणाची छाती? मग चल, पाळी चुकंल तुझी."

मोटारसायकल गेली आणि तिच्या मागून भीमाची व्हॅन आली. फ्लेक्सखाली थांबली. मागच्या सीटवर, या खेपेला हट्टानं आलेल्या सारजाबाई होत्या. पुढच्या खिडकीतून आप्पांनी डोकं बाहेर काढलं आणि कपाळावर हात धरून वरपासून खालपर्यंत फ्लेक्स वाचला. सावकाश, एकेक अक्षर.

"फोटोत हसतोय मी," ते म्हणाले.

"बदलू का, आप्पा?" सोपानराव वरून म्हणाले. "दुसरा लावू का?"

"ऱ्हाऊ दे." आप्पा अजून वरच बघत होते. मग त्यांना ते शिंगाचं टोक दिसलं. "ए सोपान्या. एडका कुठाय?"

"त्यो... जागा न्हवती, आप्पा. कापला."

"कापला? सुक्काळीच्या, टक्कर त्यानं जिंकली हुती! माझा कसला फोटू लावतोस?"

चौकात, शिडीवर, पानवाल्यांपासून एसटीची वाट बघणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या देखत सोपानरावांना शिवी बसली. दोनदा चेअरमन झालेल्या त्या माणसानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. एका शिवीनं माणूस बरा होत नाही, हे डॉक्टर मनिषा त्याच दुपारी त्यांना नीट समजावणार होत्या. औषधाला आठवडे लागतील, मध्ये वाईट दिवस येतील. सोपानराव ते सगळं ऐकून घेणार होते, मध्ये एक शब्द न बोलता. पण ते दुपारी.

व्हॅनमध्ये आप्पांनी डावी बाही वर सारली आणि मागं न बघता हात सीटच्या फटीतून मागं केला. सारजाबाईंनी त्यावर तळवा ठेवला. थोडा वेळ ठेवला.

"चालू हाय," त्या म्हणाल्या.

"मग काय," आप्पा म्हणाले, आणि भीमाकडं वळले. "हाण. आन् फुडं उसाची ट्रॉली दिसली, तर तिच्या मागं रेंगाळू नकोस."